होडीच्या नाण्यावरची रेघ

सरांनी टेबलावरचा दिवा डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. डावीकडे वहिनींची लोकरीची टोपली येऊन बसली होती. ती हलवायला सांगता आलं असतं. पण सांगावं की न सांगावं याचा विचार करत बसण्यापेक्षा दिवा हलवणं सोपं गेलं. (सर तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. इतक्या वर्षांच्या अभ्यासातून त्यांनी एकच निष्कर्ष पक्का काढला होता: आपलंच चुकत असणार.)

वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. नाणी जमवणाऱ्यांचं सरांचं सगळं मंडळ त्यांना वहिनीच म्हणे. सरांची नाणी ज्यात होती त्या टेबलाच्या तळच्या ड्रॉवरवर वहिनींचा बरेच दिवस डोळा होता.

"वेगवेगळी नाणी जमवणं मला समजतं," त्या म्हणायच्या. "पण ड्रॉवरभर होडीचीच नाणी? सगळी सारखी!"

"चित्र सारखं, म्हणून नमुना एक," सर समजावत. "पण टाकसाळीत नाणी ठोकणारे ठसे अनेक असतात. एखाद्या ठशावर आकडा दोनदा कोरला जातो, एखाद्याला तडा जातो. मग त्या ठशाखाली आलेल्या प्रत्येक नाण्यावर ती खूण, त्याच जागी. त्याला ठसाभेद म्हणतात."

"मग सापडला का एखादा?"

इथे सर नेहमी चष्मा पुसायला घेत. शेवटी तडजोड झाली. मंडळाचे अध्यक्ष रविवारी घरी येतील, ड्रॉवर बघतील, आणि त्यांना काही विशेष दिसलं नाही तर नाणी बरणीत जातील, ड्रॉवर लोकरीला. अध्यक्ष हे निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या तोंडात फटी शोधलेला माणूस. त्यांच्या नजरेतून काही सुटणं अवघड.

गुडघ्याच्या दुखण्यामुळे सरांनी बरेच महिने ड्रॉवर उघडला नव्हता. शनिवारी भीतभीत उघडला, पहिलं नाणं भिंगाखाली धरलं, आणि ते हादरलेच. होडीच्या शिडापासून नाण्याच्या कडेपर्यंत एक बारीक रेघ! आणि उठावदार! ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ वर येते. ओरखडा असता तर ती खोल दिसली असती. सरांनी दुसरं नाणं घेतलं. तीच रेघ, तीच जागा. तिसऱ्यावरही! सरांच्या कपाळावर घाम आला.

"अगं, इकडे ये! लवकर!"

वहिनी धावत आल्या. "काय झालं? छातीत दुखतंय का?"

"ठसाभेद सापडला!"

"मग आधी खाली बसा." त्यांनी नाणं डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं. "मला काही दिसत नाही. पण तुमचा चेहरा असा आहे म्हणजे असेल."

त्या दिवशी सरांनी ती रेघ पुन्हा पुन्हा तपासली. (प्रत्येक वेळी त्याच दिव्याखाली. शंका सगळ्यांवर घेतली, दिव्यावर तेवढी घ्यायची राहिली.)

रविवारी अध्यक्ष डॉक्टर आले, भिंगावर वाकले आणि ताठ उभे राहिले.

"अरे बापरे! सर, हे आजवर कुणाला कसं दिसलं नाही? हे तुमच्या नावानं नोंदवायला पाहिजे!"

सरांना मोठाच धक्का बसला. तुमचं बरोबर आहे, असं त्यांना कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ते "नाही हो, चुकत असेन" म्हणणार, एवढ्यात जमीन हादरली. कपबशा खणखणल्या. डॉक्टरांनी टेबल घट्ट पकडलं.

"भूकंप!"

"अहो!" न्हाणीघरातून वहिनींचा आवाज आला. "होडीचं एक नाणं आणा बघू! कपडे पिळता पिळता मशीन दारापर्यंत चालत आलंय!"

दोघेही धावले. वहिनींनी मशीन बंद केलं होतं.

"नाणं कशाला?" सरांनी विचारलं.

"पायाखाली घालायला. याचा एक पाय आखूड नाही का? नेहमीचं नाणं मी सकाळी ड्रॉवरमध्ये परत ठेवलं, डॉक्टर बघणार म्हणून."

"नेहमीचं?"

"पाय एका नाण्यात फार रुतला की मी दुसरं घेते. जुनं पुसून जागेवर ठेवते. रिकामा कप्पा दिसला की तुम्ही जेवत नाही. आणि तुम्हीच म्हणालात ना, चित्र सारखं, नमुना एक?"

"पण मग रेघ... सगळ्यांवर एकाच जागी?"

"होडी मी दर वेळी सरळ ठेवते, तोंड खिडकीकडे करून. वाकडीतिकडी होडी मला नाही बघवत."

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. त्यांनी मशीनचा पाय चाचपला. लोखंडाला एक धारदार कंगोरा निघाला होता. मग धावताना खिशात टाकलेलं ते नाणं काढून त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. नख आत गेलं.

"खोल आहे," ते हळूच म्हणाले. "सर, तुमचा दिवा नेहमी डावीकडे असतो ना? आज उजवीकडे होता. उजेड भलत्या बाजूनं आला की खाच उंचवट्यासारखी दिसते. मीपण फसलो." सरांचा चेहरा बघून त्यांनी घाईघाईनं जोडलं, "पण तत्त्व तुमचं बरोबर हं! ठसा एक, खूण एक. टाकसाळ फक्त तुमच्या न्हाणीघरात निघाली."

ड्रॉवर त्याच दिवशी लोकरीला गेला. नाण्यांची बरणी मशीनशेजारी ठेवली गेली. डॉक्टर गेल्यावर, निदान एवढं तरी आपण नीट करावं म्हणून सरांनी बरणीतलं एक नाणं निवडलं, भिंगातून पारखलं आणि स्वतः मशीनच्या पायाखाली सरकवलं. वहिनींनी बटण दाबलं. मशीन थरथरलं आणि थेट सरांच्या दिशेनं चालू लागलं.

वहिनींनी ते थांबवलं आणि वाकून पाहिलं. "अहो, होडी उलटी ठेवलीत. पायाचा कंगोरा खाचेत बसणार कसा?"

"थांब, मी दिवा आणतो."

"आणा," वहिनी म्हणाल्या. "पण डावीकडून धरा."