व्याही हा थर्ड पार्टी असतो का?

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना पोहे खाऊ घालावेत, चहा पाजावा, मामा कुठले आणि मावशी कुठली याची चौकशी करावी आणि हसतमुखाने गाडीत बसवून द्यावं. नांदेडात वर्षानुवर्षं लग्नं अशीच जमत आलेली आहेत. पण त्या रविवारी मन्मथअप्पांना वाटलं, आपण जरा वेगळं काहीतरी करावं. (मन्मथअप्पांना वेगळं काही करावंसं वाटलं की त्यांची बायको गुरम्मा एरवी त्यांना तिथल्या तिथे थांबवते. त्या दिवशी ती पोह्यांत अडकली होती.)

मन्मथअप्पा विम्याचे एजंट. आग, चोरी, पूर, अपघात, जे जे वाईट होऊ शकतं त्या सगळ्याची पॉलिसी त्यांच्या बॅगेत असायची. अलीकडे त्यांना एक नवीनच गिऱ्हाईक सापडलं होतं. अर्धापूर रोडला एका बिल्डरने केळीची बाग काढून तिथे 'कदली गोल्फ क्लब' सुरू केला होता. सभासद झाले होते गावातले डॉक्टर, कंत्राटदार आणि ज्यांना ती पांढरी टोपी शोभून दिसते अशी माणसं. खेळ कोणालाच येत नव्हता, त्यामुळे चेंडू कुठेही जायचे. मन्मथअप्पांनी हे एकदा कुंपणाबाहेरून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. लगेच त्यांनी तिथे पॉलिसी विकायला सुरुवात केली. तुमच्या चेंडूने कोणाला लागलं तर त्याचा दवाखाना कंपनी करणार! लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते स्वतः सभासद झाले, स्वतःची पॉलिसी काढली आणि टोपीही घेतली. आता टोपी घेतली म्हटल्यावर खेळणं आलंच.

तर त्या रविवारी पाहुणे आले होते लातूरचे. ईश्वरप्पा, डाळमिलवाले, आणि त्यांचा मुलगा राजशेखर. मन्मथअप्पांची दामिनी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आजवर तिने आलेल्या प्रत्येक मुलात काही ना काही चूक काढली होती. राजशेखरबरोबर मात्र ती गच्चीवर बोलायला गेली ती खाली यायलाच तयार नव्हती. आली तेव्हा दोघांचे चेहरे असे उजळलेले, की गुरम्माने तिथल्या तिथे मनात मांडव घातला.

पण ईश्वरप्पा मोजकं बोलणारे. पोहे संपवून ते एवढंच म्हणाले, "कळवतो."

'कळवतो' या शब्दाने मराठवाड्यातल्या किती मुलींच्या बापांची झोप उडवली असेल! मन्मथअप्पा घाबरले. माणूस असाच गाडीत बसला तर गेला, असं त्यांना वाटलं.

"अप्पा, इतक्यात कशाला निघता? चला, तुम्हाला गोल्फ दाखवतो."

"काय दाखवता?" स्वयंपाकघरातून गुरम्मा.

"गोल्फ!"

"अहो, गुरुद्वारा दाखवा, गोदावरीचा घाट दाखवा. माणसाला काय दाखवावं काही हाय का न्हाई?"

पण मन्मथअप्पांनी टोपी घातलेली होती.

मैदानावर पोचल्यावर ईश्वरप्पांनी खेळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर जमिनीवर. ते पुढे चालत गेले, वाकून मूठभर माती उचलली आणि म्हणाले, "काय काळीभोर माती हाय! इथं तूर लई आली असती." इकडे मन्मथअप्पांनी काठी उचलली, डोळे मिटले आणि मारली. आजवर त्यांचा चेंडू मारलेल्या दिशेने कधी गेला नव्हता. आज गेला. सरळ, सणसणीत, थेट ईश्वरप्पांच्या रोखाने.

दुसरा कोणी पुढे असता तर मन्मथअप्पा "हट!" म्हणून ओरडले असते. पण हे मुलाचे वडील! मुलाच्या वडिलांना हट म्हणायचं? तेही 'कळवतो' म्हटल्यावर? मन्मथअप्पांनी श्वास घेतला आणि आवाज चढवून म्हणाले, "अप्पासाहेब, माफ करा, आपल्याला जरा तसदी..."

'अप्पासाहेब' ऐकून ईश्वरप्पा अदबीने मागे वळले. 'माफ करा' ऐकून त्यांनी "अहो, माफी कसली" म्हणत हात जोडले. 'तसदी'पर्यंत चेंडू पोचला. विभूतीच्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध तो बसला. ईश्वरप्पा दोन पावलं मागे गेले आणि केळीच्या जुन्या पाटात पाय जाऊन बसले.

कपाळावर टेंगूळ, आणि घोट्याचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घालून सांगितलं, इतक्यात लातूरचा प्रवास नको. आता पाहुण्याला हॉटेलात ठेवायचं का? ईश्वरप्पांची रवानगी मन्मथअप्पांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झाली.

मुलगी बघायला आलेले पाहुणे दोन तास सांभाळायचे असतात. त्या हिशेबाने घर आवरलेलं असतं. इथे ते दिवसच्या दिवस सांभाळायची वेळ आली. चांगले कप कपाटात परत जाईनात. मन्मथअप्पांना स्वतःच्या घरात बनियनवर फिरता येईना. दात घासायलाही ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. नवराबायकोला भांडायचं असलं की गच्चीवर जाऊन कुजबुजत भांडावं लागे. राजशेखर वडिलांना बघायला म्हणून लातूरहून सारखा येई. वडिलांच्या पायाकडे एकदा बघून तो उरलेला वेळ दामिनीकडे बघत बसे.

सगळं तसं बरं चाललं होतं, फक्त दवाखान्याच्या बिलावर गाडी अडली. ईश्वरप्पा म्हणाले, "मुलीच्या बापाकडून मी एक पैसा घेणार न्हाई. लोक म्हणतील, पाय मोडून हुंडा घेतला." मन्मथअप्पा म्हणाले, "तुमचा पाय मी मोडला. बिल तुम्ही भरलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." दोघेही लिंगायत, दोघेही व्यापारी वळणाचे, आणि दोघेही बिल आपणच भरणार म्हणून अडून बसलेले. असा पेच बाजारात कधी पाहायला मिळत नाही.

तेव्हा मन्मथअप्पांना आठवलं, आपली पॉलिसी आहे की! कंपनीने बिल भरलं म्हणजे ना मुलाकडचा पैसा, ना मुलीकडचा. त्यांनी उत्साहाने क्लेम टाकला. आणि टाकल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला.

"आता काय झालं?" गच्चीवर गुरम्माने विचारलं.

"अगं, क्लेम थर्ड पार्टीचा असतो. म्हणजे परक्या माणसाचा. नातेवाइकाला लागलं तर कंपनी पैसे देत नाही."

"मग ते आपले कोण?"

"तेच तर! आज कोणी नाहीत. पण त्यांनी हो म्हटलं की व्याही. व्याही झाले की क्लेम गेला, आणि क्लेम गेला की बिलाचं भांडण परत सुरू."

गुरम्माने कपाळाला हात लावला. "म्हणजे आता त्यांनी हो म्हणू नये म्हणून नवस बोलू का मी?"

"हो म्हणावं की त्यांनी. फक्त जरा उशिरा."

आणि नेमके त्याच दिवसापासून ईश्वरप्पा हो म्हणायला लागले. गुरम्माच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन, दामिनीने रोज उशाशी ठेवलेलं वर्तमानपत्र वाचून त्या अबोल माणसाला कंठ फुटला होता.

"मन्मथराव, मी काय म्हणतो, आपली दामिनी आणि आमचा राजू..."

"अप्पा, चहा घ्या!"

"चहा आत्ताच झाला. मी म्हणत होतो, पोरांचं..."

"लातूरला पाण्याचं कसं काय सध्या? अं? पाणी?"

ईश्वरप्पांनी कप उचलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विषय काढला, मन्मथअप्पांनी पुन्हा चहा आणला. तिसऱ्यांदा तर ईश्वरप्पांनी नुसतं "मन्मथराव" म्हटलं आणि मन्मथअप्पा कप घेऊन हजर! शेवटी त्या भल्या माणसाला जे वाटायचं तेच वाटलं. मुलीकडच्यांचं मन नाही. पाय मोडला म्हणून बिचारे तोंडावर नाही म्हणत नाहीत, एवढंच. त्यांनी राजशेखरला फोन केला. "गाडी घेऊन ये. लई दिवस झाले, लोकाच्या घरी किती राहायचं?"

'लोकाच्या घरी' हे शब्द दामिनीने दारातून ऐकले. ती वडिलांना घेऊन गच्चीवर गेली.

"बाबा, ते हो म्हणून राहिलेत आणि तुम्ही त्यांना चहा पाजून राहिलात! मला हा मुलगा पसंत हाय. पहिल्यांदा पसंत पडलाय कोणी. तुमच्या पॉलिसीपायी तो गेला तर मी तुमच्याशी बोलणार न्हाई."

लेकीने आजवर मन्मथअप्पांकडे काही मागितलं नव्हतं. ते काहीतरी बोलणार एवढ्यात खाली बेल वाजली. कंपनीचा माणूस आला होता.

त्याचं नाव सुदर्शन. तरुण, नम्र, हातात टॅब. दिवाणखान्यात ईश्वरप्पा बॅग भरून बसलेले. राजशेखर तोंड पाडून त्यांच्या शेजारी. दामिनी दारात, गुरम्मा तिच्या मागे.

"चेंडू जाताना तुम्ही समोरच्याला सावध केलं होतं का?" सुदर्शनने विचारलं.

"केलं ना."

"नेमकं काय म्हणालात?"

मन्मथअप्पांनी सांगितलं, 'अप्पासाहेब'पासून 'तसदी'पर्यंत.

सुदर्शनचं बोट टॅबवर थांबलं. "एवढं सगळं? चेंडू हवेत असताना?"

"अहो, मुलाचे वडील हायेत ते! त्यांना हट कसं म्हणणार?"

ईश्वरप्पांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या मिशा हलत होत्या.

"बरं," सुदर्शन म्हणाला, "आता शेवटचं. जखमी व्यक्तीचं तुमच्याशी नातं काय?"

कोणी नाहीत, एवढं म्हटलं की काम झालं असतं. शिवाय ते खरंही होतं. मन्मथअप्पांनी सोफ्याजवळच्या भरलेल्या बॅगेकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना नुकसानभरपाई मिळवून देणाऱ्या या माणसाला लेकीच्या चेहऱ्यावर होणारं नुकसान बघवेना.

"व्याही," ते एका दमात म्हणाले. "माझे व्याही हायेत ते. म्हणजे त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, मी म्हणू दिलेलं नाही, पण मी धरून चाललोय. तुमचा क्लेम गेला खड्ड्यात. लिहा, व्याही!"

ईश्वरप्पांनी विचारलं, "म्हणजे तो चहा..."

"क्लेमपायी हो, अप्पा. नातं झालं तर पैसे मिळत न्हाईत. मनात दुसरं काही नव्हतं, शपथ."

मग ईश्वरप्पा जे हसायला लागले, ते प्लॅस्टरचा पाय गदगदा हलेपर्यंत हसले. "अहो मन्मथराव, हो तर मी पहिल्याच दिवशी म्हणणार होतो! कळवतो म्हटलं ते आमच्या हिला विचारायचं म्हणून. घरच्या बाईला विचारल्याबिगर मी मिलमधली तूरबी विकत न्हाई."

दामिनी रडत हसली. राजशेखरने वडिलांची बॅग हळूच सोफ्यामागे सरकवली. गुरम्मा साखर आणायला धावली.

या गडबडीत सुदर्शन खाकरला. "एक सांगू का साहेब? पॉलिसीत नातेवाईक म्हणजे बायको, मुलं आणि सांभाळायला असलेले आईवडील. व्याही त्यात येत नाहीत. व्याही थर्ड पार्टीच असतो. क्लेम मंजूर होईल." मग त्याने आदराने विचारलं, "ही पॉलिसी तुम्हीच विकता ना?"

मन्मथअप्पांनी आणखी एक चिमूट साखर तोंडात टाकली.

सुपारी त्याच सोफ्यावर फुटली. लग्न लातूरला, हुंडा नाही, मानपान नाही, सगळं झटपट ठरलं. शेवटी ईश्वरप्पा गंभीर होऊन म्हणाले, "आमची एक अट हाय मात्र." सगळे धसकले. "अक्षता समद्यांनी टाकाव्या. मुलीच्या बापानं मात्र जवळ येऊन पोरांच्या डोक्यावर हातानं ठेवाव्या. लांबून फेकायच्या न्हाईत."

मन्मथअप्पांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. पण गुरम्माने नवऱ्याला न विचारताच अट मान्य केली, आणि ते शेवटच्या क्षणी विसरतील म्हणून मांडवात त्यांचा हात धरून उभं राहायला आपल्या भावाला फोन करून सांगूनही टाकलं.