गोल असेल तरच सर्कस

आमच्या सोसायटीत ‘सर्कस’ हा शब्द जपून वापरावा लागतो. कुणी जिन्यात सहज म्हणालं, “सकाळपासून घरात नुसती सर्कस चाललीय हो,” की तळमजल्यावरची खिडकी उघडते आणि पगारभाऊसाहेब विचारतात, “गोल होती का?”

माणूस गांगरतो. “काय गोल?”

“सर्कस. गोल नसेल तर धांदल म्हणा, गोंधळ म्हणा. सर्कस म्हणू नका.” खिडकी बंद.

पगार मूळचे सटाण्याकडचे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले मंडळ अधिकारी. पण खेड्यात मंडळ अधिकारी कोण म्हणतो? सर्कलच. एका गावात ते पंचनाम्याला गेले तेव्हा पारावरून कुणीतरी ओरडलं, “आली रे सर्कस!” दुसरा चिडला असता. यांनी घरी येऊन शब्दकोश उघडला, तर तो टवाळ बरोबरच बोलला होता. लॅटिनमध्ये सर्कस म्हणजे कडं, वर्तुळ. रोमला रथ पळवायचे त्या मैदानालाही तेच नाव. आणि सर्कल म्हणजे छोटी सर्कस. “त्या शब्दाचं लेकरू शे मी!” असं ते छाती काढून सांगतात. उत्साहात आले की त्यांच्या ‘आहे’चा ‘शे’ होतो.

माझ्या नातीनं फोनवर शोधून त्यांना सांगितलं, “आजोबा, रोमचं मैदान गोल नव्हतंच, लांबुळकं होतं.”

“घोडे फिरून तिथंच यायचे ना? मग गोल.”

मला तर त्यांनी पहिल्याच भेटीत गारद केलं. मी त्यांना माझा एक जुना किस्सा सांगितला. तरुणपणी मी शाळेत मराठी शिकवायचे. नोकरी नवी, अंबाडा त्याहून नवा, आणि आपल्याला सगळं येतं ही खात्री दोन्हींपेक्षा घट्ट. पाचवीच्या वर्गाला मी ठणकावून सांगितलं होतं, “सर्कस हा शब्द ‘सरकणे’वरून आला. झोके सरकतात, माणसं सरकतात, म्हणून सरकस.” सगळ्या मुलींनी वहीत उतरवलं. एकीनं विचारलं, “बाई, हा इंग्रजी शब्द आहे ना?” तिला मी बाकावर उभं केलं. ती आज जिथे असेल तिथे तिला माझा साष्टांग नमस्कार.

हे ऐकून पगार हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “चुकलंच बाई तुमचं. तिला गोलात मधोमध उभं करायचं होतं.”

या गोलावरूनच सोसायटीत वाजलं. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पगारांनी चुन्याच्या फक्कीनं एक वर्तुळ आखलं आहे. टेप लावून बरोब्बर बेचाळीस फूट. खऱ्या सर्कशीचं रिंगण तेवढंच असतं म्हणे. रोज सकाळी ते पुसट झालेली रेघ पुन्हा ठळक करतात. कमिटीला मात्र तिथे गाड्या लावायला पट्टे मारायचे होते. रविवारी मीटिंग ठरली. मी अर्थात पट्ट्यांच्या बाजूची; माझ्या मुलाची गाडी रस्त्यावर उभी राहून ओरखडे खाते.

मीटिंगआधी त्यांना पटवावं म्हणून मी शनिवारी सकाळीच मागे गेले. पाहते तर निर्मलावहिनी, पगारांच्या मिसेस, त्या पांढऱ्या रेघेवरून अनवाणी चालताहेत. पगार मधोमध उभे, आणि वहिनी फिरतील तसे जागच्या जागी त्यांच्याकडे तोंड करून फिरताहेत.

वहिनींनी विचारलं, “घर कितलं लांब शे?”

“ऊनंच,” पगार म्हणाले. आलंच.

पुढच्या फेरीला पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर, तितक्याच उत्साहानं.

मला बघून ते कडेला आले. “कोथिंबीर आणायला म्हणून निघाली, ती संध्याकाळी पार हायवेवरच्या द्वारकेच्या चौकात सापडली. चालायची तर हौस, घरात कोंडू कशी? गोलात माणूस हरवत नाही, बाई. पण मीटिंगमध्ये हे काढू नका. लोक तिच्याशी लहान मुलासारखं बोलायला लागतील. आणि ते तिला कळतं.”

रविवारी पगारांनी खरं कारण सोडून सगळं सांगितलं. धावत्या घोड्यावर उभा राहिलेला माणूस आतल्या बाजूला कलतो म्हणून पडत नाही, इथपर्यंत. लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, “बरं, हात वर करा.”

मी हात नाही, अख्खी मीच वर झाले. “मला डॉक्टरांनी रोज वीस फेऱ्या सांगितल्यात. सरळ चाललं की मला चक्कर येते. गोल चाललं की येत नाही.”

“कुठल्या डॉक्टरांनी, आजी?”

“पुण्याच्या.”

पुण्याचं नाव घेतलं की नाशकात पुढे कुणी विचारत नाही. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. पट्टे पुढच्या अंगणात मारायचे ठरले, गोल वाचला.

आता खोटं बोलले म्हटल्यावर चालणं आलंच. दुसऱ्या दिवशी खाली गेले, चपला काढल्या आणि रेघेच्या कडेला जरा घुटमळले. वहिनी फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबल्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं, माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, “घर सापडत नाही का? घाबरू नका. माझ्याबरोबर चला.”

मी पगारांकडे पाहिलं.

“जा बाई,” ते म्हणाले. “तिला वाट माहीत शे.”