तीन वाटांची आणि दोन जादा पोळ्यांची हकिकत

श्री. देव्हाऱ्यातील गणपतीस दंडवत, आणि स्वयंपाकघरातील अन्नपूर्णेस त्याहून एक अधिक. ताईसाहेबांची आज्ञा जाहली की, आमचे कन्येचे परवान्याची हकिकत जैसी घडली तैसी लिहून ठेवावी, पदरचे तिखटमीठ लावू नये. आज्ञा शिरसावंद्य. परंतु तिखटमिठावाचून सेवकास घास उतरत नाही हे ताईसाहेब पुरते जाणतात, सबब थोडे लागल्यास क्षमा असावी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास कार्तिक, तेथून या वर्तमानास आरंभ. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु आमचे राज्यात रागावण्याचा अधिकार एका ताईसाहेबांसच असल्याकारणे बाकीचे सुखरूप होते.

राज्य म्हणावे तर तीन खोल्यांचे, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चालू असता सुगम, बंद असता दुर्गम. गादीवर महाराज वामनराव. पाटबंधारे खात्याची चाकरी पुरी करून आता वर्तमानपत्र आणि चहा या दोन परगण्यांवर हुकूमत चालवीत. बाकी कारभार समस्त महाराणी कुमुदिनीबाईंचे हाती. त्याच ताईसाहेब, आणि सेवक त्यांचा धाकटा बंधू. सेवक आठ दिवसांचा पाहुणा म्हणून या राज्यात आला, त्यास अकरा वर्षे जाहली; कोणी जा म्हणाले नाही आणि सेवकाने होऊन विषय काढिला नाही. ताईसाहेबांची सासरहून चालत आलेली एक चाल अशी की, कणीक मळताना घरची माणसे धरून वर दोन पोळ्यांची कणीक आल्यागेल्यासाठी घ्यायचीच, मग कोणी येवो अथवा न येवो. बहुतकरून कोणी येत नसे, आणि मग त्या दोन पोळ्यांचा बंदोबस्त रात्री सेवक करी. असो.

महाराजांची कन्या शर्वाणीबाई, बहुत हुशार, दर्यापार वाळूच्या पातशाहीत खारे पाणी गोडे करण्याचे कारखान्यात चाकरीस होत्या. तेथेच उत्तरेकडील हिमाचे राज्यातून आलेले योनास नामे गृहस्थ, उंच, गोरे, बोलण्यास अतिमृदू, एकाच यंत्रावर कामास होते, आणि यंत्र वारंवार बिघडत असल्याकारणे दोघांचा सहवास वाढला, आणि मग मन जुळले. पुढे कारखान्याने करार संपविले, आणि चाकरी गेली तो त्या पातशाहीत राहण्याचा परवानाही गेला, आणि मग कन्या आपले घरी आणि योनासराव आपले घरी, मध्ये सात समुद्र. तेव्हापासून दोघे रोज फोन समोर उभा करून एकत्र जेवीत. हिचे पानात आमटी, त्यांचे वाडग्यात बिटाचे सूप. जेवण संपले म्हणजे फोन बंद होई आणि कन्या उगाच रिकाम्या ताटापाशी बसून राही. ते पाहवत नसे. एका छपराखाली दोघांस राहता यावे, याहून दुसरे मागणे त्यांचे नव्हते, आणि तेवढेच कोणतेही राज्य देत नव्हते.

मग कार्तिकात कन्येने जेवणाचे टेबलावर मसलत भरविली, आणि आमटीचे पातेले बाजूस सारून सर्वांस तीन वाटा समजाविल्या. पहिली वाट, हिमाचे राज्यात वाग्दत्त वधूस परवाना मिळतो. त्यावर जावे आणि लग्न तेथे पोचल्यावर तेथील कचेरीतच लावावे, निघण्याआधी लग्न झालेले नसावे ही अट. ही वाट सर्वांत जवळची. ती अडली तर दुसरी, कन्येने आपले विद्येवर तेथे चाकरी मिळवून जावे. तीही अडली तर तिसरी, योनासरावांनी इकडे चाकरी धरून यावे. तिन्ही वाटांचे अर्ज आजच एकदम करावे, एकीचा निकाल लागेतो दुसरीची वाट पाहत बसू नये, ऐसा कन्येचा बेत. महाराजांनी मान डोलाविली. ताईसाहेबांनी मात्र पळी खाली ठेविली आणि कानांवर हात घेतले. शुभकार्य तोंडावर असता हे अडले तर आणि ते फसले तर, ऐसे अभद्र बोलून नाट लावू नये, एकच वाट धरावी आणि देवावर हवाला ठेवावा, ऐसे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा कन्या हळूच म्हणाली, "आई, तू रोज दोन पोळ्यांची कणीक जास्त मळतेस. त्यानं कधी नाट लागलं का गं आपल्या घराला?" ताईसाहेबांनी परात जवळ ओढली आणि म्हणाल्या, "कर बाई तुझे अर्ज. पण माझ्यासमोर बोलू नका." येणेप्रमाणे मसलत कायम जाहली आणि त्याच संध्याकाळी तिन्ही अर्ज रवाना जाहले.

मार्गशीर्षात साखरपुडा नेमिला. योनासराव पाहुण्याचे परवान्यावर आठवड्याकरिता दाखल जाहले, आणि धोतर नेसविले तो एका हाताने सावरीत सर्वांचे पाया पडत हिंडले, आणि आमचे राज्याने त्यांस तत्काळ आपलेसे केले. आता एक गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे. ताईसाहेबांचे मनात एक शल्य होते. लग्न परमुलखी लागणार, महाराजांचे गुडघे तेथील थंडीत टिकणार नाहीत, आणि महाराजांस टाकून ताईसाहेब जाणार नाहीत. म्हणजे एकुलत्या एका लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईचे दृष्टीस पडणार नाहीत. हे त्या कोणास बोलल्या नाहीत. परंतु साखरपुड्याचे दिवशी त्यांचे पिशवीतून मुंडावळ्या निघाल्या, आणि मग हार निघाले, आणि मग अक्षता वाटल्या गेल्या, आणि पाहुणे दचकून एकमेकांस पुसू लागले की हा साखरपुडा की लग्न. पिशवीत अंतरपाटही होता, तो महाराजांनी वेळीच सोफ्याखाली सारिला. भटजींनी डोके खाजविले. ताईसाहेबांनी निवाडा दिला की मंगळसूत्र नाही, सप्तपदी नाही, म्हणजे साखरपुडाच; आणि अक्षता टाकताना त्यांचे डोळ्यांस जे पाणी आले ते पाहून कोणी पुढे वाद घातला नाही. सेवक त्या समयी जिलबीचे मोर्चावर गुंतला असल्याने सल्ला देऊ शकला नाही.

मग माघात हिमाचे राज्याचे वकिलातीतून हुकूम आला की, नाते अस्सल आहे याची साक्ष म्हणून फोटो दाखल करावे. ताईसाहेबांनी हौसेने आपल्या हाताने उत्तम उत्तम निवडून दिले, आणि कन्येनेही ते तसेच पाठविले, कारण तो साखरपुडा होता हे आम्हां सर्वांस इतके ठाऊक की परक्या मनुष्यास ते ठाऊक नसेल हे एकाचेही ध्यानी आले नाही. फाल्गुनात भेटीस बोलाविले. वकिलातीतील साहेब बहुत सभ्य. फोटो एकेक करून पाहिले, आणि मग नम्रपणे म्हणाले की आपला विवाह फार सुंदर जाहला, अभिनंदन. परंतु विवाह झालेल्या स्त्रीस वाग्दत्त वधूचा परवाना देता येत नाही. कन्येने परोपरीने समजाविले, आणि साहेब त्या मुंडावळ्यांवर बोट ठेवून ऐकत राहिले. मग कन्येने विनविले की तैसे असेल तर पत्नीचा परवाना द्यावा. त्यावर साहेबांनी विवाहनोंदणीचा दाखला मागितला, आणि तो कोठून असणार. येणेप्रमाणे आमची शर्वाणीबाई लग्न झाले म्हणून एका खिडकीवरून आणि झाले नाही म्हणून दुसऱ्या खिडकीवरून परत फिरली, आणि पहिली वाट कायमची बुडाली.

घरी आल्यावर कन्येने वर्तमान सांगितले ते सौम्य करूनच सांगितले, मुंडावळ्यांचे नावही काढिले नाही. परंतु ताईसाहेबांनी खोदून खोदून पुसले आणि सर्व जाणले. मग त्या पदर तोंडास लावून म्हणाल्या, "माझ्या हौसेपायी माझ्याच पोरीची वाट मी बंद केली." कन्येने त्यांचे गळ्यात हात घातला आणि अजून दोन वाटा आहेत म्हणून समजाविले, परंतु ताईसाहेबांनी तिचे तोंडावर हात ठेविला आणि हुकूम केला की इतःपर या विषयाचे एक अक्षर माझ्या कानी घालू नये, होईल ते झाल्यावर सांगावे. आणि दुसरे दिवशी सेवकाने रात्री डबा उघडून पाहिला तो आत पोळी नाही. तिसरे दिवशीही नाही. ताईसाहेबांनी आल्यागेल्याची कणीक घेणे बंद केले होते, माणसे मोजून पोळ्या लाटीत. सेवकाचे पोटास तोटा आला हे खरे, परंतु खरे सांगतो, पोटाहून काळजास अधिक लागले. ज्या घरी दोन पोळ्या नेहमी उरत म्हणून आपण उरलो, त्या घरचा डबा रिकामा पाहून मनुष्यास बरे वाटत नाही.

पुढे विश्वावसूनाम संवत्सर लागले. दुसरे वाटेचे उत्तर आले की कन्येची विद्या उत्तम, परंतु हिमाचे राज्याची भाषा अवगत नसता चाकरी देता येत नाही, दोन वर्षांनी विचारावे. हे ताईसाहेबांस कळविले नाही. राहिली तिसरी. आमचे नदीचे उताराकडे गावांस पाणी शुद्ध करून देणारा नवा कारखाना उभा राहत होता, त्यांस योनासरावांचे जातीचा जाणकार पाहिजे होता, आणि कार्तिकातील त्या संध्याकाळचा अर्ज तेथे पोचून पडलेला होता. मग कारखान्याने बोलणे लाविले, आणि कागद या कचेरीतून त्या कचेरीत गेले, आणि महाराजांनी खात्यातील जुन्या ओळखीने कोणता कागद कोठे अडला याची खबर ठेविली, आणि ताईसाहेब खोलीत आल्या की महाराज वर्तमानपत्र उलटे धरून वाचू लागत. परवाना आला. तोही ताईसाहेबांस सांगितला नाही, कारण मनुष्य उंबऱ्यात उभा राहीतो काही झाले ऐसे होत नाही, हे आता कन्याही शिकली होती.

वैशाख मास, आमरसाचा दिवस. पाने वाढली, हिशेबाच्या पोळ्या लाटून जाहल्या, तवा उतरला. योनासराव दुसरे दिवशी यावयाचे, ते विमान आधीचे मिळाले म्हणून त्याच दिवशी आले, आणि लिफ्ट बंद असल्याने दोन भल्या थोरल्या पेट्या खांद्यावर घेऊन जिने चढले, आणि घंटा वाजली. दार ताईसाहेबांनीच उघडिले. पाहतात तो जावई, घामाघूम, लाल. त्यांनी वाटेत घोकलेले सर्व मराठी बहुधा विसरले, आणि एवढेच म्हणाले, "आई, मी आलो. राहायला आलो." ताईसाहेब चौकट धरून उभ्या राहिल्या. कन्या धावत आली तिजकडे पाहिले, महाराजांकडे पाहिले, महाराजांचे हातातील वर्तमानपत्र उलटे होते, आणि मग सर्व उमगले. डोळे पुसून म्हणाल्या, "हातपाय धुवून घ्या. पान मांडते." आणि लगबगीने आत जाऊन डबा उघडिला, आणि तो रिकामा. उभ्या जन्मात त्यांचे दारी मनुष्य आले आणि डब्यात पोळी नाही ऐसे घडले नव्हते. त्या डबा हाती घेऊन तशाच उभ्या राहिल्या, त्यांचा चेहरा पाहवेना.

त्या समयी सेवकाने जे केले ते इतिहासात नोंदणे अवश्य आहे, दुसरा कोणी नोंदील ऐसा भरवसा नाही. सेवकाने आपले पानातील दोन पोळ्या, ऊनऊन, तूप लाविलेल्या, आमरसाचे दिवशी, उचलून जावयाचे पानात ठेविल्या. अकरा वर्षांचे देणे फिटले ऐसे म्हणवत नाही, परंतु हात आखडला नाही. ताईसाहेबांनी ते पाहिले, आणि हसल्या, आणि परत परात ओढली.

मग ज्येष्ठात लग्न लागले, आमचेच मुलखी, नोंदणीचे कचेरीत आणि मागाहून हॉलमध्ये. मुंडावळ्या त्याच. अंतरपाट महाराजांनी सोफ्याखालून काढून आपणच धरिला, गुडघे दुखत असता शेवटचे मंगलाष्टकापर्यंत उभे राहिले. ताईसाहेबांनी अक्षता मूठमूठ टाकिल्या आणि फोटोवाल्यास बजाविले की आता हवे तेवढे काढ. हिमाचे राज्याची वाट दोन वर्षांनी पुन्हा पाहू म्हणतात. त्याचाही अर्ज कन्येने करून ठेविला आहे, आणि या खेपेस ताईसाहेबांनी कानांवर हात घेतले नाहीत.

येणेप्रमाणे तीन वाटांपैकी शेवटली कामास आली, दोघे एका छपराखाली आहेत, आणि बिटाचे सूप आमचेही पानात येऊ लागले आहे, ते सेवक सोशितो. ताईसाहेब आता जावयासही धरून कणीक मळतात, आणि वर दोन पोळ्यांची आल्यागेल्यासाठी, पूर्ववत. रात्री सेवक डबा उघडितो तो हल्ली एकच मिळते. दुसरी जावई आधीच खाऊन गेलेले असतात.