लॉगमधले लोक

विवाह हा पवित्र संस्कार आहे, याबद्दल दुमत नाही. मतभेद इतकाच, की तो नेमका पूर्ण कधी होतो. शास्त्र म्हणतं सप्तपदीनंतर, नोंदणी कार्यालय म्हणतं सह्या झाल्यावर. नाशिक जिल्ह्यात मात्र तो अलीकडे ड्रोन वर गेला की सुरू होतो आणि पेन ड्राइव्ह घरी आला की पूर्ण होतो. मधल्या काळात वधूवर एकाच घरात राहतात, पण समाजाने त्याला हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. समाज मोठ्या मनाचा आहे.

हा संस्कार पार पाडणाऱ्यांमध्ये गंगापूर रोडच्या जीवनचं नाव आदराने घ्यावं लागेल. त्याचा स्टुडिओ दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. खालून दाढ काढताना येणारे आवाज आणि वरून सनई असा संगम दिवसभर चालतो, त्यामुळे दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना आपण योग्य ठिकाणी आलोय की नाही, अशी थोडी शंका राहते. जीवनचा हात मात्र पक्का. आजवर त्याने ड्रोन एकदाच आपटला आणि तोही बासुंदीच्या पातेल्यात, म्हणजे दोघांपैकी कुणालाच इजा झाली नाही.

तर जीवनच्या मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मामा म्हणजे यादवमामा. पिंपळगावला कांद्याचा व्यापार, दिल्ली-इंदूरच्या व्यापाऱ्यांशी फोनवर दिवसभर हिंदी, आणि आवाज असा की फोनची गरज नसावी. घरचाच भाचा ड्रोनवाला असताना बाहेरचा माणूस लावायचा म्हणजे चारचौघांत नाक कापून घेण्यासारखं, म्हणून काम जीवनकडे आलं. जीवनची आई नवसाबाई ही मामाची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच यादवला कडेवर घेऊन वाढवलेला. मामा आजही तिच्यासमोर आवाज खाली आणून बोलतो. (जिल्ह्यात अशी दुसरी व्यक्ती नाही.)

आता सेटिंग. विषय गंभीर आहे. सेकंदाला पन्नास चित्रं घ्यायची, कारण मंडपातले दिवे त्याच तालात लुकलुकतात. लग्नात दुसऱ्या कशालाच ताल नसल्यामुळे निदान एवढा तरी सांभाळावा लागतो. शटर त्याच्या दुप्पट. वैशाखातल्या उन्हासाठी कॅमेऱ्यापुढे काळा फिल्टर, म्हणजे ड्रोनचा गॉगल. पांढऱ्या रंगाचा तोल हाताने ठरवायचा, नाहीतर यंत्र आपल्या अकलेने हिरवा चुडा निळा करून मोकळं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंग लॉगमध्ये ठेवायचा. लॉग म्हणजे मुद्दाम फिकट, राखाडी, आजारातून उठल्यासारखं घेतलेलं चित्र. त्यात रंग दडलेले असतात आणि ते नंतर कॉम्प्युटरवर बाहेर काढायचे असतात. थोडक्यात, असलेलं आधी घालवायचं आणि मग कष्टाने परत आणायचं. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

हळदीच्या सकाळी मामाने विचारलं, सगळं नीट येईल ना? जीवन बॅटरी बसवता बसवता म्हणाला, "मामा, काळजी करू नका, सगळं लॉगमध्ये घेतो."

मामाच्या हिंदीवर पोसलेल्या कानात ते 'लोग' असं पडलं.

"बास, लोगमधीच घे," मामा खूश झाला. "लगीन लोकांचंच असतं."

आणि त्याने तोंडभरून सगळ्यांना सांगितलं. भाच्याच्या कॅमेऱ्यात एक खास सेटिंग हाय, त्यात सगळे लोक येत्यात, कुणी म्हणता कुणी सुटत नाय. बातमी पंगतीतून पंगतीत गेली. त्यानंतर कुणीही कॅमेऱ्यासमोर यायची धडपड केली नाही. जो तो निश्चिंतपणे जेवला.

लग्न उत्तम झालं. नवरदेवाच्या फेट्यावर ॲक्शन कॅमेरा बसवला होता. हा कॅमेरा डोंगरावरून सायकली सोडणाऱ्यांसाठी बनवलेला असल्यामुळे घोडीचा वेग त्याच्या लक्षातच आला नाही, पण मुंडावळ्या हलताना दोन तास अतिशय स्पष्ट दिसतात. मंगलाष्टकांच्या वेळी ड्रोन स्टेजच्या वर आला. त्याच्या पंख्यांच्या वाऱ्याने अक्षता स्टेजवर न पडता मागच्या खुर्च्यांवर पडल्या. पाहणी असं सांगते, की त्या दिवशीच्या अक्षतांपैकी शेकडा ऐंशी अविवाहितांच्या डोक्यावर पडल्या आणि त्यांतल्या तिघांचं पुढे जमलंही. तंत्रज्ञानाचे असे लाभ सहसा मोजले जात नाहीत.

पहिली ठिणगी पडली ती हळदीवरून. मामाला धीर निघेना, म्हणून त्याने जीवनच्या कॉम्प्युटरवरची कच्ची चित्रफीत स्वतःच्या मोबाइलवर टिपून नात्यातल्या ग्रुपवर टाकली. नवरदेवाची आई सिंधुबाई, म्हणजे प्रत्यक्ष विहीणबाई, हिने ती पाहिली आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. आपण जोडप्याला हळद लावली होती, आणि इथे तर अंगभर राख दिसतेय! लॉग म्हणजे काय, हे तिला समजावायला जीवन स्वतः ओझरला गेला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, रंग दडलाय म्हणता, मग शोधा. जीवनने शोधला. विहीणबाईंचं समाधान होईपर्यंत तो पिवळा वाढवत गेला. आता त्या हळदीत मंडप, गुरुजी आणि एक पांढरा बैल असे सगळेच काविळीच्या संशयावरून तपासायला न्यावेत असे दिसतात. पण विहीणबाई हसल्या. प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न उंचीचा होता. मामाने हौसेने सगळ्या पुरुष मंडळींना एकाच रंगाचे केशरी फेटे बांधले होते. वरून घेतलेल्या दृश्यात ते परातीत मांडलेल्या मोतीचुराच्या लाडवांसारखे दिसत होते, आणि त्यांतला आपला लाडू कुणालाच ओळखता येईना. वधूचे मामा हिरामणभाऊ सटाण्याहून खास आले होते. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, आणि अखेर फोनवर अहिराणीत एवढंच विचारलं, "मी कोठे शे?" तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. जीवनला त्याचं उत्तर दिवाळीपर्यंत द्यायचं होतं, कारण पहिल्या दिवाळसणाला लेक-जावई येणार आणि भाऊबीजेच्या दिवशी मामाच्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांसमोर चित्रफीत लागणार, असं जाहीर झालेलं होतं.

मग तक्रारींचा ओघ सुरू झाला. लोगमध्ये घेतलं म्हणे, आणि आम्हीच नाही? कुणी फोनवर रुसलं, कुणी फोन न करता रुसलं. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्याचा पत्ता तिसऱ्याकडून लागतो. जीवनने गुडघे टेकले. त्याने एकेकाला शोधून आत घ्यायला सुरुवात केली. हिरामणभाऊंच्या लाडवाभोवती चमकतं वर्तुळ काढलं. पण चित्रफीत गाण्याएवढीच ठेवायची होती, कारण गाणं संपलं की माणसं उठून फराळाकडे जातात. म्हणजे एकाला आत घ्यायचं तर दुसऱ्याला काढणं आलं. कुणाला काढायचं? जीवनने फार न्यायाने नियम केला, की ज्यांची तक्रार आलेली नाही त्यांचं कापायचं. लोकशाहीत याहून शुद्ध नियम सापडणं अवघड.

या नियमातून त्याची आई निसटली. नवसाबाईने तक्रारच केली नाही. आपल्याच पोराकडे कसली तक्रार करायची? ती नुसती म्हणाली, "यंदा भाऊबीजेला माझे गुडघे दुखणार हायेत."

आईचे गुडघे असे आधी सांगून दुखत नसत. इतक्या वर्षांत तिची एकही भाऊबीज चुकली नव्हती. तिला राग चित्रफितीचा नव्हताच. यादवने सगळ्या ग्रुपला विचारलं, तुम्ही दिसता का, तुम्ही दिसता का, पण अक्का दिसते का, हे एकदाही विचारलं नाही, याचा होता. तो राग खरा होता, आणि तो गेला नाही तर यादवमामाच्या पाटासमोरचं औक्षणाचं ताट रिकामं राहणार होतं. जीवनला हे सहन होईना.

त्याने सगळं चित्रण पुन्हा पाहिलं. हळद, मिरवणूक, मंगलाष्टकं, जेवणं. आई कुठेच नव्हती. शेवटी त्याने तिलाच विचारलं, "आई, लग्न लागत होतं तेव्हा तू होतीस कुठे?"

"तुझ्या बॅटऱ्या धरून उभी होते की. तूच म्हणालास, उन्हात ठेवू नको. पदराखाली धरल्या."

जीवन तसाच उठला. मग स्टुडिओत जाऊन त्याने कॉम्प्युटरवरची कचऱ्याची पेटी उघडली. ड्रोनचा प्रत्येक तुकडा जमिनीवरून सुरू होतो. वर जातानाचं ते पहिलं चित्र कुणाच्या कामाचं नसतं, म्हणून एडिटर ते न बघताच कापून टाकतात. प्रत्येक कापलेल्या तुकड्यात आई होती. एका हाताने पदराखाली पिशवी, दुसरा हात कपाळावर आडवा, मान वर. ड्रोन उडतो तशी ती लहान लहान होत जाते, आणि शेवटपर्यंत वरच बघत राहते. जीवनला रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं. मग डोळे पुसून त्याने तो तुकडा सगळ्यात शेवटी जोडला. त्यासाठी आणखी थोडं कापावं लागलं. नियम तयारच होता.

भाऊबीजेला गुडघ्यांसकट नवसाबाईला गाडीत घातलं. टीव्ही लागला. असा समाधानी प्रेक्षकवर्ग कुठल्याही चित्रपटाच्या नशिबी नसेल. हिरामणभाऊंनी आपल्या लाडवासाठी स्वतःच टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी बैलसुद्धा गोड मानून घेतला. आणि शेवटी पडद्यावर पदराखाली पिशवी धरलेली ती बाई आली.

मामाचा आवाज आज नेहमीपेक्षाही खाली आला. "अक्के, तू लगीन लागेपर्यंत उन्हातच होतीस?"

"पोराची वस्तू हाय," नवसाबाई म्हणाली. "आणि तुझ्या पोरीचं लगीन. बस पाटावर."

तिने ओवाळलं. मामाने डोळे फेट्याच्या शेमल्याने पुसले. घर भरून पावलं, आणि जीवनचं कौतुक ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, की पोरानं लोगमधी एकही लोग सोडला नाय.

फराळाची ताटं फिरू लागली तेव्हा घरचे जावई जीवनच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी अगदी हळू विचारलं, "दादा, आमचं दोघांचं कुठे आलं होतं? बहुतेक आम्ही चिवडा घेत होतो तेव्हा गेलं असेल."

जीवनने मनातल्या मनात पूर्ण चित्रफीत पहिल्यापासून चालवली, आणि त्याच्या हातातली करंजी हातातच राहिली. ती दोघं गेले सहा महिने पुण्यात होती. त्यांची तक्रार आलेली नव्हती.

इथे काही वाचक जीवनवर हसतील. ज्यांचं लग्न, तेच गायब. असा कसा हा माणूस! हसावं, जरूर हसावं. मात्र तुम्हाला इथवर मामाचं नाव कळलं, जीवनच्या आईचं कळलं, विहीणबाईंचं कळलं, सटाण्याच्या पाहुण्यांचं कळलं. नवरीचं नाव काय आणि नवऱ्याचं काय, हे या कथेत कुठेही आलेलं नाही, आणि तुम्हीही ते एकदाही विचारलेलं नाही. एडिटिंग तुम्हालाही छान जमेल.