याकूबभाईंच्या मालिकेत कोणी मरत नाही

कोरियन मालिकेतील नायिका रडू लागली, की याकूबभाई मुकादम टीव्हीशेजारी उभे राहून उजवा हात आडवा धरतात, तळवा जमिनीकडे. क्रेनच्या भाषेत याचा अर्थ 'थांब'. नायक तिच्याकडे येऊ लागला, की तर्जनी खाली करून ती सावकाश गोल फिरवतात, म्हणजे 'लोड हळू उतरव'. नायक उतरतो. मग याकूबभाई प्रेक्षकांकडे वळून सांगतात, "देखो, अभी वो बोलता है, मैं आ गया, तू फिकर मत कर. एकदम चॉनचॉनी बोलता है." चॉनचॉनी म्हणजे सावकाश. हा शब्द त्यांना खरोखरच येतो.

माझी ओळख दोन ओळींत उरकतो. जेद्द्याच्या शराफिया भागात फोटोकॉपीच्या एका दुकानात माझे टेबल आहे. तेथे बसून गेली एकोणीस वर्षे मी कफिलापासून, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकापासून, वकिलातीपर्यंत सर्वांच्या नावे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, परंतु अर्जाची भाषा ही शाळेत शिकण्याची वस्तू नव्हे. लोक मला रायटरसाहेब म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बाणकोट खाडीकडच्या कोकणी मुसलमान बांधवांच्या जमातीचा हॉल आहे. मी त्या जमातीचा नव्हे, पण तालुका एकच, आणि सभेचे ठराव लिहू शकणारा दुसरा इसम उपलब्ध नसल्यामुळे माझी खुर्ची तेथे कायम आहे.

त्याच हॉलमध्ये दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आणि बिर्याणी झाल्यावर, दोन ते पाच या वेळात याकूबभाई जगाला कोरियाची ओळख करून देतात. जग म्हणजे आमचे चौदा कोकणी, दोन केरळी, एक नेपाळी आणि सिल्हेटचा एक शिंपी. याकूबभाई त्यांना 'इंटरनॅशनल पब्लिक' म्हणतात. त्यांनी बावीस वर्षे कोरियन कंपन्यांच्या साइटवर रिगर म्हणून काम केले. क्रेनला हातांनी इशारे देणारा तो रिगर. त्या काळात त्यांनी सुमारे चाळीस कोरियन शब्द आत्मसात केले. त्यांतील तीस धोका, वजन, दोरखंड आणि जेवणाची सुट्टी यांविषयी आहेत. एवढ्या भांडवलावर ते सोळा सोळा भागांच्या प्रेमकथा शब्दन्शब्द समजावून सांगतात. टीव्हीच्या खालच्या काठावर त्यांनी काळी इन्सुलेशन टेप लावलेली आहे, जेणेकरून इंग्रजी अक्षरे दिसू नयेत. "चित्रावर अक्षरं म्हणजे ताटात माशी," असे त्यांचे मत आहे.

केवळ मालिकांवर ते थांबत नाहीत. त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात कोबीचे कोरियन लोणचे घातले, तेव्हा इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, गॅस गळतो आहे असे समजून दोन मजले रिकामे केले. जमातीचे अध्यक्ष हाजीसाहेब हॉलमध्ये आले, की याकूबभाई कमरेतून वाकून त्यांना मान देतात. पहिल्या वेळी हाजीसाहेबांनीही वाकून, काय पडले म्हणून, सतरंजीवर शोधले होते. मध्यंतरात याकूबभाई कोरियन मुलांचे गाणे लावतात आणि नाचाचे परीक्षण करतात: "सात जण हात उचलतात. एकाचा तरी चुकला? असे सात रिगर मना साइटवर मिळाले असते तर काय पायजे होतं."

याकूबभाईंना पत्नी नाही, मूल नाही. गावच्या घराला कुलूप आहे. आता ते एका कार्गोच्या गोदामात खोक्यांना दोऱ्या बांधतात, आणि खोके उलट बोलत नाही. शुक्रवारचे तीन तास वजा केले, तर या माणसाच्या आठवड्यात संभाषण असे उरतच नाही. म्हणूनच नदीम जेव्हा माझ्या टेबलाशी आला, तेव्हा काय पणाला लागले आहे हे मला ताबडतोब उमगले.

नदीम हा माणगावचा, सव्वीस वर्षांचा, संगणकावर बसणारा, नुकताच आलेला.

"रायटरसाहेब, एक अर्ज लिहायचाय. कडक."

"कोणाविरुद्ध?"

"याकूबचाचा. हाजीसाहेबांच्या नावानं. त्यांना कोरियन येत नाही."

"बावीस वर्षे ते—"

"साहेब, ती म्हातारी सहाव्या भागातच मेलीय."

मी पेन खाली ठेवले. "कोणती म्हातारी?"

"नायकाची आई. सूप विकणारी. मी मोबाइलवर अक्षरांसकट बघितलं सगळं."

"अशक्य. गेल्याच शुक्रवारी ती अंगणात बसून कोबी चिरत होती."

"ती त्याची आठवण आहे. ती दिसली की चित्र पिवळं पडतं, बघितलं नाही तुम्ही?"

"पाहिले. तिला कावीळ झाली होती. याकूबभाई म्हणाले, आता उतार आहे."

नदीम माझ्याकडे नुसता पाहत राहिला. त्या दृष्टीतील आशय मी येथे नोंदवत नाही. खरे सांगायचे तर मला दुःख झाले. सहा शुक्रवार मी त्या म्हातारीच्या प्रकृतीबद्दल मनोमन समाधान मानले होते. तरीही व्यवसाय तो व्यवसाय. मी सात कलमी तक्रार लिहिली: सदर इसम प्रेक्षकांची दिशाभूल करतो, मृत व्यक्ती हयात असल्याचे भासवतो, इत्यादी. विनंती अशी की, टेप काढावी आणि सदर इसमास टीव्हीपासून दूर बसवावे.

परंतु एका बाजूचेच लिहिणे मला पटत नाही. म्हणून मी गोदामात जाऊन याकूबभाईंचा जबाब घ्यायचे ठरवले. ते एका मोठ्या खोक्याला गाठ मारत होते.

"तुमच्यावर सात आरोप आहेत."

"सातच?" ते म्हणाले. "पोराला बरंच कमी समजलं."

"म्हातारी मेली, हे तुम्हाला ठाऊक होते?"

"पाचव्यातच. खोकली तेव्हाच. कोरियन म्हातारी खोकली, की खलास."

"मग कावीळ कशाला सांगितलीत?"

त्यांनी दोरी दातात धरून ताणली, मग सोडली. "रायटर, सिरियल संपते किती वाजता?"

"पाचला."

"आणि मग पब्लिक काय करतं?"

उत्तर मला ठाऊक होते. पाच वाजले, की गावाकडे साडेसात होतात आणि सगळा हॉल भिंतीला पाठ लावून घरी फोन लावतो.

"अन्वरची आई अंथरुणाला खिळलेली हाय. त्याची सुट्टी अजून मंजूर नाय, अर्ज तूच लिवलास. नेपाळ्याची आई डोंगरावर एकटी. आता यांना दाखवू, ही बघा आई मेली, आणि वर सांगू, यल्ला, चला, लावा फोन?"

मी कागद पुढे ओढला. "हेच जबाबात घालतो. हाजीसाहेब तक्रार फेटाळतील."

"नाय घालायचं. अन्वरला कळलं, की पुढच्या शुक्रवारी तो सिरियल सोडून माझं तोंड बघंल. लिव, आरोप कबूल."

"हॉल जाईल हातचा."

"जाईल," ते म्हणाले आणि पुढच्या खोक्याकडे वळले.

माझ्या कारकिर्दीत इतका छोटा जबाब मी लिहिलेला नाही.

शुक्रवारी हाजीसाहेबांनी दोन्ही कागद वाचून घेतले. ते भले गृहस्थ, पण कागदापुढे त्यांचे चालत नाही. आरोपीच कबूल म्हणतो म्हटल्यावर त्यांनी टेप काढवली. याकूबभाई मागे, चपलांच्या घोड्याशेजारी जाऊन बसले. त्यांच्या जागी नदीम उभा राहिला. पब्लिकपैकी फार थोड्यांना इंग्रजी वाचता येते, त्यामुळे तो अक्षरे वाचून हिंदीत सांगणार होता. मालिकेचा शेवटचा भाग होता.

सुरुवातीस त्याने झकास वाचले. हातवारे नव्हते, पण अर्थ चोख होता. नेपाळी मात्र दोनदा मागे वळून याकूबभाईंकडे पाहता झाला, क्रेन बंद पडल्यावर पाहतात तसा.

मग पडद्यावर एक बुटके टेबल आले. त्यावर भात, मासा, शेंडा कापलेली सफरचंदे. भातात चमचा उभा रोवलेला. मागे म्हातारीची तसबीर, काळ्या फितीसह. नायक चांगला सूट घालून समोर उभा होता आणि काहीतरी बोलत होता. खाली अक्षरे सरकत होती.

"क्या बोलता है?" शिंप्याने विचारले.

पहिल्या रांगेत अन्वर बसला होता. पाच वाजायला आले होते म्हणून त्याने फोन आधीच हातात घेतला होता. नदीमची नजर त्या फोनवर गेली आणि तेथेच राहिली.

"क्या बोलता है, भाई?"

"बोलता है..." नदीम पडद्याकडे वळला. "माँ का बर्थडे है. माँ गाँव गई है. इसलिए फोटो रखा है."

माझे इंग्रजी अर्जापुरते आहे, पण 'मृत्यू' आणि 'एक वर्ष' हे शब्द मला रोज लागतात.

"वाढदिवस नाय," मागून आवाज आला.

याकूबभाई उभे होते. शुक्रवारी ते नेहमी हिंदीत बोलतात. त्या दिवशी त्यांच्या तोंडून आमची बोली निघाली.

"ती गेली. वरीस झालं. हे तिचं पान हाय. बाकी कायपण सांग पोरा, ह्या पानाबद्दल खोटं नको."

ते चपलांच्या घोड्यापासून दोन पावले पुढे आले.

"सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर होतो, मना तार आली. आई गेली होती, मातीपण झाली होती. चोई म्हणून फोरमन होता आमचा. दिवसभर शिव्या घालायचा. त्यानं मना क्रेनखालून काढलं, स्टोअरमध्ये नेलं. पाकिटातला आईचा फोटो मागितला. मेसमधून भात आणला, मासा आणला. माशाचं तोंड पूर्वेला लागतं त्यांच्यात. त्याला पूर्व कळंना. मी म्हटलं, आम्ही नमाज पढतो तो किब्ला तिकडं, ती पश्चिम. मग त्यानं मासा बरोबर उलटा फिरवला. मना म्हणाला, वाक. मी म्हटलं, आमच्यात फोटोला वाकत नाय. तो म्हणाला, ठीक हाय, तू बस. मग दोनदा वाकला, कपाळ फरशीला लावून. उठला. आणि म्हणाला, आता तुझ्या वाटचे. परत दोनदा वाकला."

नेपाळ्याला आमची बोली समजत नव्हती, पण त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

अन्वरने विचारले, "चाचा, मासा कुठला होता?"

"फ्रीजरमधला. नाव नाय ठाऊक. सुरमई नव्हती."

"सुरमई असती तर बरं झालं असतं."

"तर काय," याकूबभाई म्हणाले.

हाजीसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "रायटर, ठराव लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, नदीम वाचेल, याकूब सांगेल. आणि कुठलं वाचायचं, कुठलं नाही, ते दोघांनी आधी बसून ठरवायचं."

मी तसे लिहिले, अधिक भारदस्त शब्दांत. पाच वाजले. भिंतीला पाठी लागल्या, अन्वरचा फोन सर्वांत आधी लागला. याकूबभाई नेहमीप्रमाणे चहाचे पेले गोळा करू लागले, कारण त्या वेळेस त्यांना तेच काम असते.

नदीम दाराशी उभा राहून बोलत होता. बोलता बोलता तो आला आणि त्याने फोन त्यांच्यापुढे धरला. "चाचा, आईला तुमच्याशी बोलायचंय. मी सांगितलं तिला."

याकूबभाईंनी पेले खाली ठेवले, हात सदऱ्याला पुसले आणि फोन कानाला लावला. तीन तास अखंड बोलणारा हा मनुष्य कितीतरी वेळ नुसता ऐकत राहिला. पलीकडून त्या माउलीने आमच्याकडे पहिला विचारतात तोच प्रश्न विचारला असावा.

"होय वैनी," ते म्हणाले. "जेवलो. पोटभर."

त्या दुपारी त्यांनी बिर्याणीला हातही लावला नव्हता. मी शेजारीच बसलो होतो, परंतु मी हरकत नोंदवली नाही.