ऑरोर मावशींच्या खिडकीतला दिवा

"चौथ्या रांगेत सगळ्यांची लाइट जाईल, पण माझ्या घरातला एक बल्बसुद्धा डोळा मिटणार नाही!" गाएतान लाव्हाले ऑक्टोबरपासून भेटेल त्याला हे ऐकवत होता. न भेटणाऱ्याला गाठून ऐकवत होता.

चौथी रांग म्हणजे गावाबाहेरचा एक सरळसोट रस्ता आणि त्याच्या कडेनं, एकेक शेत मध्ये सोडून, नऊ घरं. क्वेबेकच्या हिवाळ्याची नवलाई इथं कुणाला नाही. पण अठ्ठ्याण्णव साली बर्फाचा पाऊस पडला, तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या, खांब माना टाकून आडवे झाले आणि रांग तेवीस दिवस अंधारात बसली. चोविसाव्या दिवशी लाइट आली ती अशी उसळून, की नऊपैकी सात घरांतले फ्रीझर जागच्या जागी जळाले. तेव्हापासून रांगेत एक नियम झाला. लाइट गेली, की आधी तळघरात पळायचं आणि मेन स्विच पाडायचा. मेणबत्त्या शोधणं, देव आठवणं, वीज कंपनीला शिव्या देणं, हे सगळं नंतर!

हा नियम जरा ध्यानात असू द्या.

त्या वादळाला सहा वर्षं झाली आणि गाएताननं जनरेटर आणला. आणला तो लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाच्या पैशांतून. त्या पैशांतून त्याची बायको ह्युगेत क्यूबाला, वाराडेरोच्या समुद्रावर जाणार होती.

"माझा समुद्र गॅरेजात आणून ठेवलास," ती म्हणाली. "आणि वर त्याला पेट्रोल पाजतोयस!"

बरीच भांडाभांडी होऊन करार झाला. संत जोसेफच्या सणापर्यंत, म्हणजे एकोणीस मार्चपर्यंत, एकदा जरी सलग चार तास लाइट गेली तर जनरेटर घरात राहील. नाही गेली तर तो विकायचा आणि समुद्र गाठायचा. फ्रिजवरच्या कॅलेंडरात नोंद ठेवण्याचं काम ह्युगेतनं स्वतःकडे घेतलं.

इतका गुणी हिवाळा रांगेत कुणी पाहिला नसेल! जानेवारीत सतरा मिनिटं गेली. फेब्रुवारीत गाएतान हातात टॉर्च घेऊन खुर्चीतून उठेपर्यंत परत आली. बाहेर वारा घोंघावे, तारा करकरायच्या, आणि आत बल्ब नवरदेवासारखे झळकत राहायचे. गाएतान हवामानाच्या बातम्या अशा ऐके, की जणू त्याचीच लॉटरी लागायची होती. मार्च उजाडला तशी ह्युगेतनं चर्चच्या पत्रकात जाहिरातच देऊन टाकली: 'जनरेटर विकणे आहे. जवळजवळ न वापरलेला.'

"जवळजवळ कशाला लिहिलंस?"

"तू रोज त्याला पुसतोस ना, म्हणून."

शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. शुक्रवारी एकोणीस तारीख. त्या दिवशी सकाळपासून तोच तसला पाऊस सुरू झाला, पडला की काच होणारा. गाएतान खिडकीत उभा राहून आशेनं बघत होता. बल्ब काही हलेना. दुपारी ह्युगेत केस सेट करून घ्यायला गावात गेली. जाताना म्हणाली, "उद्यासाठी मशीन चालवून बघ. माणसासमोर अडलं तर किंमत पाडेल."

एक वाजता गाएताननं मेन स्विच पाडला, घराची वायर जनरेटरला जोडली आणि दोरी ओढली. मशीन पहिल्याच झटक्याला धडधडलं. घर उजळलं. घरात बघायला कुणी नव्हतं, एवढंच दुःख.

कुणी नव्हतं, पण ऐकायला होतं! शेतापलीकडच्या स्वयंपाकघरात पिएरेत चुलीवर वाटाण्याचं सूप ढवळत होती. दिवसाउजेडी तिच्याकडे बल्ब लागलेला नव्हता. तिनं आवाज ऐकला, बाहेर बर्फ बघितलं आणि डाव टाकून ओरडली, "लिओनेल! गेली!"

लिओनेल तिचा नवरा. काय गेली हे त्यानं विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात त्यानं तसले प्रश्न विचारणं सोडलं होतं. तो तळघरात धावला आणि त्यानं मेन पाडला. तोवर पिएरेतचे फोन सुरूही झाले होते. फोनची तार वेगळी, ती चालू होती. घरटी एकच वाक्य, "गेली गं, गाएतानचं मशीनसुद्धा सुरू झालं!" आणि घरोघरी माणसं जिन्यावरून खाली पळाली. खटाक, खटाक, खटाक. वर येऊन प्रत्येकानं भिंतीवरचं बटण दाबून बघितलं. नव्हतीच की लाइट! पिएरेत खोटं कशाला बोलेल?

फक्त ऑरोर लाशान्स मावशींनी फोन उचलला नाही. वय अठ्ठ्याऐंशी. एक ते पाच त्यांच्या मालिका असतात. त्या वेळात पोपचा फोन आला तरी त्या उचलायच्या नाहीत.

दीड वाजता लिओनेल गाएतानच्या दारात उभा. पाठीवर मूस हरणाच्या मांसाची पेटी, बुटांना बर्फावरचे खिळे. "गाएतान, लाइट गेली! माझा अख्खा हिवाळा या पेटीत आहे. तुझ्या फ्रीझरमध्ये जागा दे!"

गाएतानला खरंच वाटेना. आपण मेन पाडायला आणि रांगेची लाइट जायला एकच गाठ! त्यानं डोळे मिटून संत जोसेफचे आभार मानले, घड्याळ बघितलं, आणि चार तासांची सुरुवात उदारपणे एक वाजल्यापासून धरली.

"ये, बाबा ये! ही वेळ येणार हे मी ऑक्टोबरपासून सांगत होतो की नाही?"

"सांगत होतास. आम्ही ऐकून ऐकून दमलो होतो."

तीन वाजेपर्यंत ऑरोर मावशी सोडून सगळी रांग गोळा झाली. स्वयंपाकघरात अकरा माणसं, पिंजऱ्यातला एक पक्षी, तीन घरांचं मांस आणि पिएरेतचं सूप. गाएतान मांडवातल्या यजमानासारखा फिरत होता. याला कॉफी दे, त्याला वॉट म्हणजे काय ते समजाव. मशीन तासाला अडीच लिटर पेट्रोल पीत होतं. ते त्याच्या घशात ओतताना गाएतानचा चेहरा पहिल्या नातवाला दूध पाजणाऱ्या आजोबासारखा दिसत होता.

चार वाजता ह्युगेत केस सेट करून आली आणि दारातच थबकली.

"कोण गेलं?"

"लाइट गेली!" गाएतान म्हणाला. "एक वाजल्यापासून! कॅलेंडर काढ!"

"गावात तर आहे."

"गावाची लाइन वेगळी."

"कंपनीला फोन केला का कुणी?"

"दोनदा केला," पिएरेत म्हणाली. "ती पोरगी म्हणते, तुमच्या लाइनवर काही बिघाड नाही."

"मग?"

"मग काय? मागच्या खेपेलाही असंच म्हणाली होती. तिला मॉन्ट्रियलमध्ये बसून काय दिसतंय?"

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्युगेतनं कोट काढला, पेन घेतलं आणि कॅलेंडरासमोर बसून राहिली. पाच वाजायची वाट बघणं तिला भाग होतं. समुद्र हळूहळू मागे सरकत होता.

साडेचारला बाहेर ढगांनी अंधारून आलं. लिओनेल खिडकीपाशी उभा होता. तो म्हणाला, "हे काय? ऑरोर मावशींकडे दिवा आहे."

"मेणबत्ती असेल."

"मेणबत्ती निळी होते का? टीव्ही आहे तो! आणि व्हरांड्यातला दिवापण."

सगळे खिडकीला चिकटले. खरंच, रांगेच्या टोकाचं ते घर आरामात उजळलं होतं.

"तिचा नातू इंजिनियर ना!" पिएरेत म्हणाली. "त्यानं बसवून दिलं असणार काहीतरी. नवीन. महागातलं."

"आवाज येतोय का?"

सगळ्यांनी श्वास रोखून ऐकलं. गाएतानचं मशीन धडधडत होतं. तिकडून काहीच नाही.

"बिनआवाजाचं!" लिओनेल हळहळला. "बघ गाएतान, याला म्हणतात मशीन. तुझ्या या रेड्यानं माझं डोकं उठवलंय दुपारपासून."

आता गाएताननं काय करायला हवं होतं? खुर्चीत बसून अर्धा तास कॉफी प्यायला हवी होती. घरात जनरेटर राहिला असता, रांगेत नाव राहिलं असतं. पण अकरा माणसांसमोर त्याच्या मशीनला रेडा म्हटलं गेलं होतं!

"बघूनच येतो," तो बूट चढवत म्हणाला. "बिनआवाजाचं म्हणे! असं काही नसतंच!"

सगळी वरात मागे निघाली. घसरत, एकमेकांच्या कोटाला धरून, दोनदा आडवी होऊन ती ऑरोर मावशींच्या दारी पोचली. मावशी पायावर शाल घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. मालिकेचा शेवट चालला होता.

"मावशी, तुमचं मशीन कुठाय?" गाएताननं धापा टाकत विचारलं.

"न्हाणीघरात. कपडे धुवायचेत का तुला?"

"ते नाही हो! लाइटचं! लाइट गेलीय ना!"

मावशींनी डोक्यावरच्या दिव्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग दारात दाटलेल्या बारा ओल्या माणसांकडे.

"कुणाची?" त्या म्हणाल्या.

मालिकेतली बाई तेवढी रडत होती. मग लिओनेल काहीतरी आठवल्यासारखा मागे वळला आणि अंधारात निघून गेला. त्याच्यामागून बाकीचेही आपापल्या घरी पळाले. थोड्या वेळानं शेतांपलीकडे त्याचं घर उजळलं. मग त्याच्या शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. अख्खी रांग एकेक करून उजळत गेली आणि प्रत्येक खिडकीबरोबर गाएतानची मान थोडी खाली गेली.

ह्युगेतनं घड्याळ बघितलं. "पाचाला आठ कमी."

"आठच मिनिटं, ह्युगेत! आणि नऊपैकी आठ घरांची तर गेलीच होती ना!"

"लाइट गेली नव्हती, गाएतान. अक्कल गेली होती. तिच्यासाठी कॅलेंडरात रकाना नाही."

दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला आल्या पावली परत पाठवलं, कारण रात्रीतच सगळ्या रांगेनं वर्गणी काढून तो जनरेटर विकत घेतला होता. तो ऑरोर मावशींच्या पडवीत कुलूप लावून ठेवला आणि किल्लीही त्यांच्याचकडे दिली. लाइट आहे की नाही, हे रांगेत त्यांनाच तेवढं कळतं, असं एकमतानं ठरलं.

एप्रिलमध्ये दोघं वाराडेरोला पोचली. तिसऱ्या संध्याकाळी ह्युगेत खोलीत आडवी झाली होती. गाएतान तिच्या सरबतासाठी खालून बर्फ आणायला निघाला. दाराला हात घातला तोच खोलीतला दिवा गेला, पंखा थांबला, सगळीकडे अंधार.

"गेली!" तो ओरडला. "ह्युगेत, इथंही गेली! बघ! म्हणून मी म्हणत होतो, घरात स्वतःचं मशीन..."

"आधी शेजारी बघ," ती डोळे न उघडता म्हणाली.

गाएताननं दार उघडून बघितलं. शेजारच्या खोलीत दिवा होता. पुढच्या खोलीत होता. खाली बागेत तर चक्क माळा लावल्या होत्या.

तेव्हा कुठे त्याला आठवलं, की या हॉटेलात खोलीची चावी दारामागच्या खाचेत असेपर्यंतच लाइट असते. आणि ती चावी आता त्याच्या हातात होती.

त्यानं ती मुकाट्यानं परत खाचेत घातली. बर्फ काही त्यानं आणला नाही. बर्फाचं नाव काढायची त्याची हिंमतच झाली नाही!