दादाजी बोअरवेलनंतरचं ग्रीटिंग

जुन्या स्लिपरच्या टाचेतून सागाचं पान कोरायला कमळाबाईंना अख्खी सकाळ लागली. एक ब्लेड गेलं, बोटाला दोनदा पट्टी बांधावी लागली. पण पान असं उतरलं की शिरा मोजून घ्याव्यात. गुणवंतरावांनी त्याला एका मोडक्या शिक्क्याची लाकडी मूठ चिकटवून दिली. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला मुठीशिवायचा शिक्का देठाशिवायच्या वांग्यासारखा वाटतो.

हा सगळा खटाटोप बुधरीसाठी. चंद्रपूरच्या हॉस्टेलात दोघी एका खोलीत राहायच्या. विकतचं ग्रीटिंग परवडत नसे, म्हणून मेसमधला बटाटा कापून शिक्का करायच्या. भेंडीचा काप रंगात बुडवला की झालं फूल. दिवाळीच्या आठवड्यात मेसच्या भाजीत नुसता रस्सा असायचा. पुढे बुधरी आलापल्लीला मास्तरीण झाली, कमळाबाई लग्न होऊन भद्रावतीला आल्या, तरी दर दिवाळीला हातचं ग्रीटिंग जायचं आणि यायचं. बुधरीचा लाल रंग दुकानातला नसे. सागाची कोवळी पानं चोळून ती तो काढायची. कागदाच्या कडेला तिची लाल बोटं उमटलेली असत.

दोन वर्षांपूर्वी कमळाबाईंचा गुडघा दुखत होता. ग्रीटिंग काही गुडघ्याने करत नाहीत, पण त्यांनी तेवढ्या निमित्तावर फोनवर आलेल्या शुभेच्छा तशाच बुधरीला पाठवून दिल्या. खाली लिहिलं होतं, 'शुभेच्छुक : दादाजी बोअरवेल. पाणी लागेपर्यंत सेवा.'

बुधरीचं एका ओळीचं उत्तर आलं. "दादाजीले माहा नमस्कार सांगजो." तेव्हापासून तिने फोन उचलला नाही.

म्हणून यंदा माफीचं ग्रीटिंग. कमळाबाईंनी शाईच्या पॅडवर पान दाबलं, कागदावर उमटवलं आणि वरून हिरवा रंग फिरवला.

"अवो, हे काय होऊन राह्यलं! पान वाहून चाल्लं माह्यं!"

"ऑफिसच्या पॅडची शाई हाये ते. पाणी लागलं का पसरते," गुणवंतराव पेपरातून मान न काढता म्हणाले.

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठी?"

तीन कागद जांभळे झाले. कमळाबाईंनी पान धुऊन-पुसून गुणवंतरावांच्या शिक्क्यांच्या डब्यात ठेवलं. आता जाड कागद एकच उरला. त्यावर कमळाबाईंनी आधी डोंगर रंगवला, पळस रंगवला, मधे पानापुरती पांढरी जागा सोडली. आत लिहिलं, 'बुधरे, चुकलं माह्यं. कमळी.'

"वाळलं का ठसा मी मारतो," गुणवंतराव उठले. "तुहा हात थरथरते. पस्तीस वर्षं मारले, एक वाकडा नाई."

कमळाबाई शेजारच्या रंजीताकडे चकलीचा सोऱ्या मागायला गेल्या. परत आल्या तर टेबल रिकामं.

"मारला, पाकीट चिकटवलं, पोस्टात टाकून बी आलो. चारची डाक गाठली," गुणवंतराव म्हणाले. सरकारी काम इतक्या झटपट त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

कमळाबाईंनी पानाचा शिक्का धुवायला घेतला. पान कोरडं ठणठणीत.

"अवो, याले तं शाईच नाई. तुमी मारलं काय मंग?"

गुणवंतरावांचा पेपर खाली आला. त्याच डब्यात कचेरीच्या भंगारात निघालेले तीन शिक्के होते, सगळ्यांच्या मुठी पानाच्या मुठीसारख्याच.

"पाहून नाई मारला?"

"पाहून कोन मारते? पस्तीस वर्षांत पाहून नाई मारला!"

कमळाबाईंनी एकेक शिक्का तळहातावर दाबला. 'पाहिले' कोरडा. 'नस्ती बंद', म्हणजे फाइलच संपली, हा डोळे मिटून दाबला, तोही कोरडा. तिसरा मात्र तळहातावर लख्ख उमटला : 'विलंबाचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

"नस्ती बंद नाई न? मंग बरंच झालं म्हनायचं," गुणवंतरावांनी सुस्कारा सोडला.

"काय बरं झालं? माफी मागून राह्यली मी, अन् वरतून तिलेच नोटीस!"

फोन करून सांगावं, तर बुधरी उचलायची नाही, आणि उचललाच तर सांगायचं काय? दिवाळी तशीच गेली. चकल्या वातड झाल्या. कमळाबाईंनी त्याचंही खापर गुणवंतरावांवर फोडलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आलापल्लीचं पाकीट आलं. आत मास्तरणीच्या सुबक अक्षरातला अर्ज होता.

'विषय : विलंबाचा खुलासा. महोदया, राग दोन महिन्यांतच संपला होता. पन फोन उचलाचा नाई असं मीच ठरवलेलं. मंग तू फोन करनं बंद केलं. आता न आलेला फोन उचलावा कसा? दोन्ही दिवाळ्यांले ग्रीटिंग केलं, पोस्टात टाकाची लाज वाटली. सोबत जोडली आहेत.'

पाकिटातून दोन ग्रीटिंग घसरली. दोन्हींच्या कडेला लाल बोटं.

कमळाबाईंनी फोन लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला. कमळाबाईंनी नाक ओढलं.

"रडून राह्यली का व?" बुधरी म्हणाली. "मी तं इतकी हासली! असं सरळ इचारत कोनी नाई मले. दोन सालं घरचेबी इचाराले भेले. ते शिक्क्याचं तुह्याच डोक्यातून निघालं का?"

समोर गुणवंतराव हातातला कप खाली ठेवून, ताठ बसून, कौतुकाची वाट पाहत होते.

"मंग?" कमळाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे पाठ केली. "आनखी कोनाच्या डोक्यातून निघन?"